शंभर कोटींची इमारत दीडशेला का पडते?

बडोद्यात एखादी मोठी सरकारी इमारत उभी राहायला लागली की तीन वाक्यं ठरलेली. आधी "एवढे पैसे?", मग "अजून झालीच नाही का?", आणि पत्र्यांचं कुंपण निघून दर्शनी भाग दिसला की "अरेरे, हे काय केलंय!" चौथं वाक्य दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या आपल्या मंडळींचं खास: "महाराजांच्या काळात असं नव्हतं हो."

या चौथ्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. ते सगळ्यात जास्त खपतं आणि कोणी तपासून पाहत नाही.

लक्ष्मीविलास राजवाड्याचं काम निघालं तेव्हा सयाजीराव वयात आलेले नव्हते. कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले ते १८८१ च्या डिसेंबरात. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला तेच हे. मँट १८८१ मध्येच वारले. आपली गणितं चुकली, बांधलेलं सगळं कोसळणार, या धसक्यानं ते गेले अशी दंतकथा आहे. पुढचं काम मद्रासेत नाव कमावलेल्या रॉबर्ट फेलोज चिझम यांनी हाती घेतलं आणि राजवाडा पुरा झाला १८९० मध्ये. खर्चाचा आकडा १,८०,००० पौंड असा सांगितला जातो. आज एखाद्या इमारतीचा वास्तुविशारद असा अर्ध्यावर बदलला आणि काम दशकभर चाललं, तर वर्तमानपत्रांनी काय केलं असतं याची कल्पना करा.

न्यायमंदिराची गोष्ट आणखी मजेची. ती इमारत मुळात भाजीबाजारासाठी काढली होती. पुढे विचार बदलला आणि १८९६ मध्ये तिथं न्यायालय आलं. २०१८ मध्ये कोर्ट नव्या संकुलात हलेपर्यंत पक्षकार आणि वकील त्याच कमानींखाली वावरत होते. सयाजीबागेतल्या चित्रशाळेचं काम १९०८ मध्ये सुरू झालं, इमारत १९१४ मध्ये तयार झाली आणि लोकांसाठी उघडली १९२१ मध्ये. मधे पहिलं महायुद्ध आलं, युरोपातून यायची चित्रं तिकडेच अडकली. सात वर्षं तयार इमारत चित्रांची वाट बघत होती.

या इमारती बडोद्याचा अभिमान आहेत, माझाही आहे. पण खर्च, उशीर आणि मधेच विचार बदलणं हे तेव्हाही होतं. जाब विचारायला स्थायी समिती नव्हती, इतकाच फरक. शिवाय त्या काळातल्या सुमार इमारती केव्हाच पडल्या नाहीतर पाडल्या गेल्या. उरल्या त्या उत्तम, आणि त्या निवडक उत्तमांशी आपण आजच्या सरसकट सगळ्या इमारतींची तुलना करतो. हा सामना आधीच ठरलेला असतो.

आकडा नक्की कशाचा?

एस्टिमेटच्या टेबलावर काम करूनच मी पोट भरलं, त्यामुळे "शंभर कोटींची इमारत" असं कानावर आलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठले शंभर कोटी? एकाच इमारतीचे किमान चार आकडे फिरत असतात आणि चौघांचा एकमेकांशी संबंध दूरच्या नातेवाइकांइतकाच असतो.

पहिला आकडा भाषणातला. अंदाजपत्रकात नाहीतर भूमिपूजनाच्या मांडवात तो जाहीर होतो. त्या वेळी हातात असतं काय? एक संकल्पनाचित्र आणि ढोबळ क्षेत्रफळ. इतके चौरस मीटर, गुणिले तशा प्रकारच्या इमारतीचा चालू दर, झाला आकडा. जमिनीची तपासणी झालेली नसते, खांब किती आणि केवढे हे कोणी काढलेलं नसतं. प्रशासकीय मंजुरी बहुतेक वेळा याच आकड्याला मिळते.

दुसरा आकडा तपशीलवार एस्टिमेटचा. इथं खरं काम होतं. खोदाई किती घनमीटर, काँक्रीट किती, लोखंड किती टन, गिलावा किती चौरस मीटर, दरवाजे किती, असं एकेक आयटम काढायचं आणि शासनाच्या दरपत्रकातला दर लावायचा. या दरपत्रकाला आमच्यात सरळ एसओआर म्हणतात. गंमत अशी की एसओआर रोज बदलत नाही, लोखंडाचा भाव मात्र बदलतो. दरपत्रक जुनं झालेलं असेल तर एस्टिमेट जन्मतःच अशक्त असतं.

तिसरा आकडा निविदेचा. "अंदाजापेक्षा वीस टक्के जास्त भावानं काम दिलं" अशी बातमी आली की लोकांना लगेच काळंबेरं दिसतं. असतंही कधी कधी, विशेषतः निविदा भरणारे दोनच असतील तर. पण वीस टक्के जास्त म्हणजे कशापेक्षा जास्त, तर त्या अशक्त एस्टिमेटपेक्षा. माझ्या मते जास्त घाबरावं ते उलट्या बातमीला, "अंदाजापेक्षा पंचवीस टक्के कमी भावानं". पंचवीस टक्के कमी भावात कोणी दानधर्म करत नसतो. तो माणूस हिशेब करून बसलेला असतो की यातली कुठली आयटमं पुढे वाढणार आहेत आणि वसुली कुठून करायची.

चौथा आकडा शेवटच्या बिलाचा. तो पेपरात येतो तेव्हा उद्घाटनाचा नारळ सुकलेला असतो.

त्यात भर म्हणजे आकड्यात काय धरलंय आणि काय नाही हे कोणी सांगत नाही. कर धरलाय का? सल्लागाराची फी? फर्निचर, लिफ्ट, वातानुकूलन, बाहेरचा रस्ता, पार्किंग? पुढची देखभाल? आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. केवडियाच्या स्टॅच्यू ऑफ युनिटीचं काम २,९८९ कोटींना दिलं गेलं आणि तो आकडा "पुतळ्याची किंमत" म्हणून सगळीकडे फिरला. त्या वेळी जाहीर झालेल्या फोडीत मुख्य पुतळ्याचे होते १,३४७ कोटी, पंधरा वर्षांच्या देखभालीचे ६५७ कोटी, प्रदर्शन दालन आणि संमेलन केंद्राचे २३५ कोटी, पुलाचे ८३ कोटी, आणि बाकी इतर कामं. पुतळा हवा होता की नको हा वाद वेगळा, तो जरूर घाला. पण १,३४७ वर वाद घालायचा की २,९८९ वर, हे आधी ठरवायला हवं ना?

मला विचाराल तर तुलनेसाठी एकच माप बरं, चौरस फुटाला किती. दिल्लीतल्या नव्या संसद भवनाचा सरकारी अंदाज ९४० कोटींचा होता आणि काम गेलं ८६१.९० कोटींच्या निविदेला. बांधीव क्षेत्र सुमारे ६४,५०० चौरस मीटर. भागाकार केला की चौरस फुटाला साधारण १२,४०० रुपये निघतात, तेही फक्त निविदेच्या आकड्यावर. आता तुमच्या भागात एखादं सभागृह नाहीतर वॉर्ड ऑफिस होत असेल तर त्याचा असाच भागाकार करून बघा. दर संसदेच्या आसपास निघाला तर प्रश्न विचारायला तुम्हाला अभियंता असण्याची गरज नाही.

वीटही न हलता खर्च कसा वाढतो

१८ जुलै २०२२ रोजी सरकारी बांधकामांच्या कंत्राटांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ वर गेला. शंभर कोटींच्या कामावर रातोरात सहा कोटी. यात ना कंत्राटदाराची लबाडी ना अभियंत्याची चूक, पण पुढच्या बैठकीत आकडा वाढलेला दिसला की बोटं त्यांच्याकडेच वळतात.

उशिराचा हिशेब याहून सोपा आणि याहून कडू आहे. बांधकामाचे भाव वर्षाला सहा टक्क्यांनी वाढतात असं नुसतं उदाहरणादाखल धरा. आज शंभर कोटींचं काम तीन वर्षांनी करायला घेतलं तर ११९ कोटींचं होतं, पाच वर्षांनी जवळजवळ १३४ कोटींचं. एक खोली वाढली नाही, एक खिडकी वाढली नाही. मोठ्या मुदतीच्या कंत्राटात भाववाढीचं कलम असतं. सिमेंट, लोखंड, मजुरी, इंधन यांच्या निर्देशांकाप्रमाणे फरक मोजून दिला जातो. ते कलम नसेल तर कंत्राटदार तो फरक आधीच निविदेत घालून ठेवतो, नाहीतर मधेच काम टाकून पळतो. पैसे शेवटी आपलेच.

उशीर होतो कुठं? लोकांना वाटतं साइटवर. बराचसा उशीर त्याआधीच झालेला असतो, फायलींमध्ये आणि जमिनीखाली. जुन्या शहरात खोदायला घेतलं की कुणाच्याच नकाशात नसलेली पाण्याची लाइन निघते, ती हलवायची कुणी यावर पत्रव्यवहार चालतो. काळी माती लागली की पाया बदलावा लागतो, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. विश्वामित्रीचं तर विचारूच नका. धोक्याची पातळी २६ फूट, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये नदी ३५ फुटांवर गेली होती. तो पूर पाहूनही जो सल्लागार नदीच्या पट्ट्यात दोन मजले तळघर पार्किंग काढून देतो, त्याच्या धाडसाला सलाम.

साइटवरचा उशीर दिसतो तो मजुरांमुळे. आपल्याकडचे कडिये, म्हणजे गवंडी, आणि मजूर बरेचसे दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूरकडचे. होळीला ते गावी जातात म्हणजे जातातच, तिकडे होळी दिवाळीपेक्षा मोठी. पहिला पाऊस पडला की पेरणीला पुन्हा जातात. वेळापत्रक करणाऱ्यानं हे धरलं नसेल तर दोष मजुरांचा कसा?

आणि मग बिलं. दर महिन्या-दोन महिन्यांनी झालेल्या कामाचं रनिंग बिल निघतं, त्याला आरए बिल म्हणतात. त्याआधी मोजमाप होतं. एकदा ते पाहण्यासारखं असतं. टेपचं एक टोक कंत्राटदाराचा सुपरवायझर धरतो, दुसरं ज्युनियर इंजिनियर, आणि भिंतीवरून आवाज येतो, "चार पॉइंट दोन पाच... वजा खिडकी, एक पॉइंट दोन बाय एक पॉइंट पाच..." हे सगळं मोजमाप पुस्तकात, म्हणजे एमबीत, शाईनं चढतं. खाडाखोड चालत नाही; चुकलं तर आकडा वाचता येईल असा एका रेघेनं कापून शेजारी नवा लिहायचा आणि सही करायची. शंभर कोटींची इमारत अशी खिडकी वजा करत करत मोजली जाते. बिल अडकलं की कंत्राटदार बोलत काही नाही, फक्त साठ माणसांची वीस करतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं काम बंद पडलंय.

दंडाची तरतूद असते, पण साधारणपणे तो कामाच्या किमतीच्या दहा टक्क्यांच्या वर जात नाही, आणि तिथपर्यंतही क्वचित पोचतो. कारण उशिरात खात्याचाही वाटा असतो. नकाशे उशिरा दिले, जागा पूर्ण मोकळी करून दिली नाही, झाडं तोडायची परवानगी लांबली. मग दोन्ही बाजू समजुतीनं मुदतवाढीच्या अर्जावर सह्या करतात.

रूप, पैसा आणि वेळ हा एकच वाद

आपण वाद तीन करतो. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा एकच असतो: काम दिल्यावर विचार बदलणे.

घरात स्वयंपाकघराचा ओटा बदलायला काढला की कसं होतं ठाऊक आहे ना? गवंडी आल्यावर कुणीतरी म्हणतं, जाता जाता सिंक खिडकीखाली घेऊ या. मग नळाची लाइन, मग फरशी, मग खिडकीच. सरकारी इमारतीत हेच होतं, फक्त "जाता जाता" म्हणणारा माणूस मोठा असतो.

एका प्रेक्षागृहाच्या कामावर मी होतो. दर्शनी भाग विटांचा, साध्या गिलाव्याचा. स्लॅब झाले, भिंती झाल्या, आणि पाहणीला आलेल्या एका बड्या पाहुण्यांना रूप फिकं वाटलं. राजस्थानी दगड लावा, वारसा वाटला पाहिजे. वाटायला हरकत नव्हती. पण दगडाचं वजन धरायला स्टीलच्या पकडी हव्यात, त्या पकडींना धरायला मागे काँक्रीट हवं, आणि तिथं होत्या विटा. उतरवलेली पालख, म्हणजे परांची, पुन्हा बांधली. हा दगड निविदेत नव्हता, म्हणून तो झाला "एक्स्ट्रा आयटम". एक्स्ट्रा आयटमला स्पर्धा नसते. हजर असलेला कंत्राटदारच भाव सांगतो, खातं दराचं पृथक्करण मागतं, ते वर जातं, शंका घेऊन खाली येतं. त्या एका वाक्यानं रूप बदललं, खर्च वाढला आणि अख्खा पावसाळा त्यात गेला. पेपरात पुढे तीन वेगवेगळ्या बातम्या आल्या.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. सिडनीच्या ऑपेरा हाउसचं काम १९५९ मध्ये सुरू केलं, तेव्हा त्या शिडांसारख्या छताचं गणित सुटलेलंच नव्हतं. छत ठरेपर्यंत खालचे खांब उभे राहिले होते, मग वजन पेलणार नाही म्हणून ते पुन्हा करावे लागले. अंदाज होता ७० लाख डॉलरचा, खर्च आला १० कोटी २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. १९६३ मध्ये व्हायची इमारत १९७३ मध्ये झाली, आणि वास्तुविशारद यॉर्न उत्झन भांडून १९६६ मध्येच निघून गेले होते. आज ती जागतिक वारसा यादीत आहे. आपले पुढारी हे उदाहरण फार प्रेमानं देतात. पण सिडनीला उशीर झाला म्हणून सौंदर्य आलं नाही. सौंदर्य आधी निवडलं होतं, उशीर घाईमुळे झाला. आणि उशीर झालेल्या इतर शेकडो इमारतींची नावं कुणाला आठवत नाहीत.

मोठ्या प्रकल्पांचा अभ्यास करणारे डॅनिश संशोधक बेंट फ्लिव्हबर्ग यांनी देशोदेशीचे प्रकल्प तपासून दोन कारणं मांडली. एक, माणूस स्वभावानंच आशावादी असतो, आपलं काम वेळेत होईल असं त्याला मनापासून वाटतं. दोन, खरा आकडा सांगितला तर मंजुरी मिळणार नाही हे ठाऊक असल्यानं तो मुद्दाम कमी सांगितला जातो. एस्टिमेटच्या टेबलावर दोन्ही पाहिली आहेत. दुसऱ्याचं प्रमाण मी सांगत नाही.

आता रूप. आवडनिवड ज्याची त्याची, मान्य. लक्ष्मीविलासात राजपूत झरोके, इस्लामी घुमट आणि विलायती मनोरा एकाच अंगावर आहेत; कडक शिस्तीच्या माणसाला ती खिचडीच वाटेल. पण रूपाचा एक भाग आवडीचा नसून अकलेचा असतो. जुन्या इमारतींना जाड भिंती, खोल व्हरांडे, खिडकीवर छज्जा. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जाणाऱ्या गावात पश्चिमेला अखंड काच लावायची आणि मग ती थंड ठेवायला विजेचं बिल भरायचं, याला आधुनिकता म्हणायला माझी जीभ वळत नाही.

काच आणि ॲल्युमिनियमचे पत्रे इतके का दिसतात त्याचं कारणही साधं आहे. ते पटकन बसतात, मागचं ओबडधोबड काम झाकतात, आणि संध्याकाळच्या निळ्या उजेडातल्या थ्रीडी चित्रात झकास दिसतात. मंजुरी त्या चित्राला मिळते. त्यात एसीची बाहेरची युनिटं कधीच नसतात. म्हणून नव्या इमारतीचं चित्र प्रसिद्ध झालं की "सुंदर आहे का?" विचारण्याऐवजी मी दोन प्रश्न विचारतो. एसीची युनिटं कुठं बसणार? आणि भिंतीवरून ओघळणारं पावसाचं पाणी कुठं जाणार? याची उत्तरं नसतील तर दोन पावसाळ्यांनी दर्शनी भाग कसा दिसेल ते मी आजच सांगतो.

सल्लागाराची निवड हा वेगळा विषय. थोडक्यात, कमीत कमी फी मागणाऱ्याला काम दिलं की चित्रंही त्या फीच्या लायकीची येतात. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी गुणवत्तेला जास्त आणि फीला कमी गुण देतात. नवं संसद भवन ज्याचा भाग आहे त्या दिल्लीच्या सेंट्रल व्हिस्टा प्रकल्पाच्या सल्लागाराला ८० आणि २० या प्रमाणात निवडलं होतं. पण खुली स्पर्धा घेऊन, चित्रं लोकांसमोर लावून निवडणं आपल्याकडे दुर्मीळच. महाराजांच्या काळातल्या कलाभवन या तंत्रशाळेची परंपरा, महाराजा सयाजीराव विद्यापीठातलं वास्तुकला आणि ललितकलांचं शिक्षण, एवढं सगळं या गावात आहे, आणि चित्र पहिल्यांदा दिसतं ते कुंपणाच्या पत्र्यावर.

कुठला कागद मागायचा

निविदा बहुतेक एन-प्रोक्योर या सरकारी निविदांच्या संकेतस्थळावर असतात आणि चालू असताना कोणालाही वाचता येतात. कंटाळवाण्या असतात, पण कामाचं क्षेत्रफळ, मुदत, भाववाढीचं कलम आणि देखभालीची वर्षं एवढी चार पानं शोधली तरी पुष्कळ कळतं. स्थायी समितीच्या ठरावात टक्के असतात. पुढचं सगळं मात्र माहितीच्या अधिकारातच मिळतं.

अर्जात "या इमारतीवर किती खर्च झाला?" असं विचारू नका. एका ओळीत एक आकडा येईल आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. मूळ प्रशासकीय मंजुरी, कंत्राटाची रक्कम, आणि शेवटच्या आरए बिलासोबतचा एक्स्ट्रा आयटम आणि वाढीव परिमाणांचा तक्ता, या तीन कागदांच्या प्रती मागा. मुदतवाढीचे आदेश कारणांसकट मागितलेत तर उत्तमच. उत्तर तीस दिवसांत द्यायचं असतं. अर्ज गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत करा. कायद्यानं राज्याची राजभाषा, हिंदी आणि इंग्रजी एवढ्याच चालतात, त्यामुळे आपली मराठी इथं उपयोगी नाही. तक्ता हातात आला की सगळ्यात मोठी रक्कम कुठल्या आयटमपुढे आहे ते बघा आणि त्याच्या मंजुरीची तारीख भूमिपूजनाच्या तारखेशी लावून पाहा.